गोजरबाई आणि गावाची मांजरं

गोजरबाईंना मांजर आवडायचं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आज अवसरी खुर्दात कुणालाही विचारलं तर तो त्यांना 'मांजरवाल्या गोजरबाई' म्हणूनच ओळखतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की बाईंना लहानपणापासून मांजरांचा लळा असणार. तसलं काही नव्हतं. मांजर म्हणजे दुधाच्या पातेल्यात तोंड घालणारी आणि नेमकी कणकेच्या परातीशेजारी येऊन अंग झटकणारी जात, एवढंच त्यांचं मत. खानावळ चालवणाऱ्या बाईचं मत याहून वेगळं असायचं काही कारणही नव्हतं.

खानावळ इंजिनिअरिंग कॉलेजच्या रस्त्याला होती. दोन्ही मुली सासरी गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा गोजरबाईंनी पुढच्या पडवीला पत्रे ठोकले, चार टेबलं मांडली आणि पोरांना जेवू घालायला सुरुवात केली. नवरा कुंडलिक छोटा टेम्पो चालवायचा. लोकांचा कांदा, बटाटा, टोमॅटो मंचरला नाहीतर नारायणगावला पोचवायचा आणि येताना खानावळीचा बाजार घेऊन यायचा. बाईंचा हात सैल होता आणि तोंड त्याहून सैल. ताटात भाकरी उरली की पोरांना बोलणी बसायची, आणि बोलणी खात पोरं ती भाकरी संपवायची. सगळी त्यांना काकू म्हणायची.

त्यातलाच मोहित नावाचा एक शेवटच्या वर्षाचा मुलगा. त्यानं मैत्रिणीच्या वाढदिवसाला पुण्याहून एक पांढरीशुभ्र, चपट्या नाकाची पर्शियन मांजर विकत आणली. मैत्रिणीच्या होस्टेलवर मांजर चालेना, म्हणून ती मोहितच्या खोलीवर आली. पुढे मैत्रीही राहिली नाही, मांजर तेवढी राहिली. परीक्षा संपल्यावर तो एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात मांजरीची टोपली घेऊन खानावळीच्या दारात उभा राहिला. पंधरा दिवस सांभाळा, नोकरी लागली की घेऊन जातो, असं म्हणाला. गोजरबाई नाही म्हणाल्या. पण नाही म्हणताना त्यांच्या हातांनी टोपली कधीच घेतली होती.

तिचं नाव ल्युसी होतं. बाईंनी ते लुशी केलं. लुशीला दूध-चपाती पसंत पडेना. तिच्या पिशवीतला खाऊ संपल्यावर दोन दिवस ती रुसून कोपऱ्यात बसली आणि तिसऱ्या दिवशी सुकटीच्या चटणीवर तुटून पडली. मोहितचा फोन आधी आठवड्याला यायचा, मग महिन्याला, मग येईनासा झाला. शेजारी भरत नावाचा टोमॅटोवाला शेतकरी राहायचा. त्याच्याकडे रुंद तोंडाचा, दांडगा बोका होता आणि भरतनं कौतुकानं त्याचं नाव पैलवान ठेवलं होतं. पैलवान आणि लुशी यांची गाठ पडायला कितीसा वेळ लागणार? खानावळीच्या लाकडाच्या ढिगाऱ्यामागं पांढरी, रुंद तोंडाची पिल्लं वळवळायला लागली.

पिल्लांना बाईंनी ताकभात घातला, आणि इथंच सगळं बिघडलं. गोजरबाई मांजरं ठेवून घेतात, ही बातमी गावात पसरली. सकाळी दार उघडावं तर पायरीवर कांद्याची गोणी, आणि गोणीच्या आतून म्यांव. कधी चपलांचा खोका, कधी तेलाचा कापलेला डबा. उन्हाळ्यात कॉलेज सुटलं की पोरांनी हौसेनं खोलीवर पाळलेली मांजरं उकिरड्यावर आली, आणि उकिरड्यावरून वासावर खानावळीत. पुढच्या वर्षी त्यांची पिल्लं, आणि त्या पिल्लांचीही पिल्लं. ठेवणारा कधी दिसायचा नाही. पण मांजरानं कुणाचा मासा पळवला की तो माणूस मात्र तडक खानावळीत यायचा आणि म्हणायचा, तुमच्या मांजरानं घात केला.

"ही खानावळ पोरांची हाय का मांजरांची, येकदा ठरव बाई," कुंडलिक म्हणायचा. पण बाजारातून येताना पिशवीच्या तळाशी सुकटीची पुडी त्याच्याकडूनच यायची, त्यामुळे बाई त्याला उत्तर देत नसत.

एकदा बाईंनी खरोखरच मन घट्ट केलं. खायला घालणं बंद. चार दिवस त्यांनी कुणाकडं बघितलं नाही. पाचव्या दिवशी मांजरांनी मिळून आमटीचं पातेलं पाडलं, आणि सगळ्या पोरांना दुपारी लोणचं-भाकरीवर भागवावं लागलं. बाईंनी पुन्हा थाळी मांडली. उपाशी चोरापेक्षा पोट भरलेलं मांजर परवडलं, असा हिशेब त्यांनी केला.

मग बिबट्या आला. आसपास सगळा ऊस, त्यामुळे बिबट्याचं इकडं कुणाला नवल नाही. ऊस तुटला की तो जागा बदलतो, कुत्री उचलतो, शेळ्या उचलतो, माणसं अंगणात बॅटऱ्या घेऊन वावरतात. पण या वेळी तो दिवेलागणीलाच खानावळीच्या मागच्या बाजूला आला, भिंतीवर बसलेलं एक तांबडं मांजर अलगद उचललं आणि उसात शिरला. शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात ते सगळं आलं आणि गावाच्या प्रत्येक मोबाईलवर फिरलं. दुसऱ्या दिवशी पोरांचे आईबाप फोन करायला लागले. खानावळीतून परत येताना आमच्या मुलाला काही झालं तर काय?

गावात बोलणं एकच. मांजरं आहेत म्हणून बिबट्या येतो, आणि मांजरं गोजरबाईंची. भरत घरी येऊन बसला आणि समजुतीनं म्हणाला, की वैनी, यातली जमतील तेवढी टेम्पोत घाला आणि लांब कुठंतरी सोडून या. बाजाराच्या जागी सोडली तर उपाशी मरायची नाहीत.  खरं सांगायचं तर गोजरबाईंना सुटल्यासारखंच वाटलं. आपण वाईट वागतोय असंही वाटलं, पण ते थोडं नंतर.

टोमॅटोचे रिकामे क्रेट काढले. एकात मांजर घालायचं, दुसरा वर उलटा ठेवून सुतळीनं बांधायचा. लुशीला घरात ठेवली आणि बाकीची मिळतील तेवढी भरली. भल्या सकाळी नवरा-बायको निघाले. मागं क्रेटमधून एकसुरात ओरडा चालला होता. लांबच्या एका गावात आठवडे बाजाराचं पटांगण होतं. मासळीवाले बसायचे त्याच्या मागं कुंडलिकनं टेम्पो लावला.

तिथं आधीच एक मोटरसायकल उभी होती. टाकीवर गोणी, गोणीला गाठ, आणि गाठीशी झटणारा एक मध्यमवयीन माणूस. टेम्पोतला आवाज ऐकून तो हसला.

"सोडायला आलात व्हय?" तो म्हणाला. "मावशी, हितं नका सोडू. हितली कुत्री लई वंगाळ. मला बी आज घाई हाय म्हणून हितं आलो. न्हाईतर अवसरीला एक खानावळवाली बाई हाय. तिच्या पायरीवर ठिवायचं आन निघायचं. ती बघती समदं."

कुंडलिकनं तोंड फिरवलं आणि उगीचच टायर बघायला खाली वाकला. त्याचे खांदे हलत होते.

"ती बाई मीच," गोजरबाई म्हणाल्या.

माणसाच्या हातातली गोणी तशीच राहिली. त्याचं नाव सुनील, निरगुडसरचा शेतकरी. बाईंनी त्याला टेम्पोच्या फळीवर बसवला आणि आतापर्यंत किती वेळा पायरीवर येऊन गेलास ते विचारलं. तो दोनदा म्हणाला, मग बाईंच्या नजरेकडं बघून तीनदा म्हणाला. त्याच्या घरी एकच मांजर होती, पण ती दर पावसाळ्याच्या तोंडाला आणि दर हिवाळ्यात व्यायची. पोरांना मांजर हवी होती, पिल्लं कुणालाच नको होती. त्याची पुतणी हर्षाली जनावरांची डॉक्टर होती आणि ती वर्षभर काकाच्या मागं लागली होती, की मांजरीचं ऑपरेशन करून टाका.

मग केलं का नाही, असं बाईंनी विचारल्यावर सुनीलनं मान खाजवली. मांजराचं कुणी ऑपरेशन करतं का, लोक हसतील, असं त्याला वाटलं होतं.

गोजरबाई थोडा वेळ पटांगणाकडं बघत राहिल्या. मासळीच्या जागी खरोखरच कुत्र्यांची झुंड पडली होती. आपण इथं सोडलेली मांजरं या गावातलं कुणीतरी उद्या गोणीत भरणार आणि फिरून आपल्याच दारात आणणार, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांना आधी हसू आलं आणि मग लाज वाटली. त्यांनी कुंडलिकला टेम्पो वळवायला सांगितला. सुनीलची गोणीही टेम्पोत टाकून घेतली, पण सुनीललाही बरोबर घेतलं. तो मोटरसायकलवरून मागून आला.

सुनीलच्या फोनवरून हर्षाली संध्याकाळी खानावळीत आली. तिशीच्या आतली, पायात गमबूट, कुणाची तरी अडलेली गाय सोडवून तशीच आलेली. तिनं मागची बाजू फिरून पाहिली, उरलेल्या आमटी-भाताचा ढीग पाहिला, मांजरं पाहिली. बाईंनी चहा दिला आणि स्वतःहून सांगायला लागल्या, की मी कुणाला उपाशी ठेवत नाही, दुसऱ्यासारखी काठी घेऊन धावत नाही. हर्षालीनं ऐकून घेतलं.

"मावशी, तुम्ही खाऊ घालता ते चांगलंच आहे," ती म्हणाली. "पण नुसतं खाऊ घातलं की पिल्लं जास्त होतात, जास्त जगतात आणि पुढच्या वर्षी त्यांचीही होतात. तुमच्या जेवणावरच हा गोतावळा वाढलाय."

हे बाईंना झोंबलं. सगळ्या गावात आपण एकट्याच भलेपणानं वागतोय, अशी त्यांची समजूत होती, आणि ही पोर चहा पीत पीत म्हणत होती की गोंधळात तुमचाही हात आहे. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ भांडी आदळत राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की ऑपरेशनला काय काय लागतं.

लागणार होतं बरंच. एक बंद, धुता येईल अशी खोली, भरपूर उजेड, धरणारी माणसं. पुण्यातली एक संस्था औषधं आणि आणखी एक डॉक्टर पाठवायला तयार होती. आणि ऑपरेशननंतर प्रत्येक मांजर काही दिवस कोरड्या, उबदार जागी ठेवायला हवी होती. खानावळीत सगळ्यांना ठेवावं, असं बाईंना सुचलंही असतं, पण आता त्या शहाण्या झाल्या होत्या.

पुढच्या ग्रामसभेला त्या गेल्या त्या डोक्यावर पाटी घेऊनच. भैरवनाथाच्या मंदिरापुढं सभा भरली होती. बिबट्याचा विषय निघाला, पिंजरा मागवायचं ठरलं, आणि मग कुणीतरी म्हणालं की गोजरबाईंच्या मांजरांचं काय. बाई उठल्या. पाटीवरचं फडकं काढलं आणि एकेक पिल्लू उचलून लोकांच्या मांडीवर ठेवत निघाल्या. हे पाठीवरच्या काळ्या डागाचं, सोनीबाईंच्या कपिली मांजरीचा डाग बघा आणि हा बघा. ही दोन शेपूट मोडकी, अशी मोडक्या शेपटीची मांजर गावात एकाच घरी आहे. आणि ही रुंद तोंडाची सगळी, यांचा बाप कोण ते सांगायला लागू नये. लोक भरतकडं बघून हसायला लागले. सोनीबाई ही भरतचीच बायको, ती पदर तोंडाला लावून हसत होती आणि मांडीवरच्या पिल्लाचे कान कुरवाळत होती.

"ही माजी मांजरं न्हाईत," गोजरबाई म्हणाल्या. "गावाची हायेत. मी नुसती जेवाय घालती."

ऑपरेशनचं बोलणं निघाल्यावर मात्र हसू थांबलं. एक वयस्कर गृहस्थ म्हणाले की मुक्या जिवाचा वंश तोडणं पाप आहे. काहींनी माना हलवल्या. गोजरबाई खाली बसणार होत्या, त्या बसल्या नाहीत. धाकट्या मुलीच्या जन्मानंतर त्यांनी सरकारी दवाखान्यातल्या शिबिरात स्वतःचं ऑपरेशन करून घेतलं होतं. मुलगा नसताना केलं म्हणून सासूनं अंथरूण धरलं होतं, भावकी बोलायची बंद झाली होती. या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली होती आणि बाईंनी ती चारचौघांत कधी काढली नव्हती.

"माजं आपरेशन झालं तवा बी पापच म्हणली व्हती माणसं," त्या म्हणाल्या. "पर त्याच्यामुळं माज्या दोन्ही पोरी शिकल्या. पोटभर जेवल्या. मांजरीला बोलता येत न्हाई, न्हाईतर तिनं बी मागितलं असतं."

 बायकांच्या बाजूनं मागून कुणीतरी म्हणालं, खरं हाय. कुंडलिक पुरुषांच्या बाजूला मान खाली घालून बसला होता. त्या दिवसांत आईपुढं आपण बायकोची बाजू घेतली नव्हती, हे त्याला आठवलं असावं, कारण घरी जाताना त्यानं पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली.

सभेत ठरलं ते साधंच होतं. प्रत्येक आळीनं आपापली मांजरं धरून आणायची. ऑपरेशननंतर एका घरात एक मांजर, बरी होईपर्यंत. खायला दिवसा घालायचं आणि अंधार पडायच्या आत ताटल्या उचलायच्या. उष्टं उघड्यावर टाकायचं नाही. हे गोजरबाईंच्या खानावळीलाही लागू होतं, आणि त्यांनी ते मुकाट कबूल केलं. खोल्या भाड्यानं देणाऱ्यांनी पोरांना सांगायचं, की मांजर पाळायची तर ऑपरेशन करून पाळा आणि जाताना बरोबर न्या.

खोली म्हणून गावची जुनी तालीम मिळाली. कुस्त्या बंद पडून वर्षं झाली होती, आखाड्यावर केव्हाच फरशी घातलेली. बायकांनी ती फिनेलनं दोनदा धुतली. पोरांनी दिवे लावले. रविवारी संध्याकाळी खानावळीला सुट्टी असते, तो रविवार धरला.

मांजरं धरण्याचा कार्यक्रम गावानं जत्रेसारखा केला. क्रेट उलटा घालून एका बाजूनं लाटण्यावर टेकवायचा, आत भाजलेला बोंबील, लाटण्याला दोरी. दोरी ओढली की मांजर आत. एका आळीत पहिल्यांदा क्रेटमध्ये सापडली ती कोंबडी, दुसऱ्यांदाही तीच कोंबडी. एक मांजर कौलांवर चढून बसली आणि तिला उतरवायला चढलेल्या माणसाला उतरवायला आणखी दोघं चढले. तरी दुपारपर्यंत तालमीपुढं क्रेटची रांग लागली.

मांजरी आल्या, बोके मात्र येईनात. मांजरीचं ठीक आहे, पण बोक्याचं कशाला, असं पुरुषमाणसं म्हणायला लागली. हर्षालीनं समजावलं की बोक्याचं तर मांजरीपेक्षा सोपं, थोडक्यात होतं, आणि एक बोका मोकळा असला की सगळ्या केलेल्याचं पाणी होतं. भरत म्हणाला, पैलवानाला मी हात लावू देणार नाही, आणि टोमॅटो घेऊन नारायणगावला निघून गेला.

तो वळणावर दिसेनासा झाल्यावर सोनीबाई क्रेट घेऊन आली. आत पैलवान, तोंडात बोंबील. "आणा म्हणलं व्हतं ना समद्यांनी," एवढंच ती म्हणाली आणि क्रेट हर्षालीच्या पायाशी ठेवला. तालमीत त्या दिवशी शेवटची पाठ टेकली ती पैलवानाची.

ऑपरेशन झालेल्या मांजराच्या एका कानाचं टोक बेशुद्धीतच किंचित कापतात, म्हणजे लांबूनही ओळखू यावं. संध्याकाळी परत आलेल्या भरतला तो कान दिसला.  जेवताना त्यानं मागून वाढून घेतलं नाही, आणि पैलवानाच्या क्रेटशेजारी बराच वेळ बसून राहिला. महिनाभरानं मात्र तोच पारावर सांगत होता की बोका आता घर सोडत नाही, भांडून रक्तबंबाळ होऊन येत नाही, वजनही चढलंय. ऑपरेशन माझ्याच सांगण्यावरून केलं, असंही तो दोन-चार जणांना म्हणाला. सोनीबाईनं ते खोडून काढलं नाही.

लुशीचंही झालं. ती बरी झाल्यावर गोजरबाईंनी मोहितचा नंबर शोधून फोन लावला. त्याला चाकणला नोकरी लागून बराच काळ लोटला होता. तो पुढच्या रविवारी गाडी घेऊन आला, ओशाळला होता. काकू, मला वाटलं तुम्हाला आता तिचा लळा लागला असेल, असं म्हणाला.

"लागलाय की," बाई म्हणाल्या. "पर मला लळा लागला म्हणून तुजी जबाबदारी फिटत न्हाई, बाबा."

लुशीनं त्याला ओळखलं नाही. ती टेबलाखाली जाऊन बसली आणि बाईंनी हाक मारल्यावरच बाहेर आली. बाईंनी तिला स्वतःच्या हातानं पेटीत घातलं, वर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला, सुकटीची पुडी दिली आणि ती कशी भाजून द्यायची ते सांगितलं. गाडी गेल्यावर त्या कांदा चिरायला बसल्या. त्या सोमवारी बटाट्याची भाजी खारट झाली होती. पोरांनी ती गुपचूप खाल्ली आणि कुणी ताटात टाकली नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पायरीवर अजूनही कधीतरी गोणी येते, बहुधा बाहेरगावची. बिबट्या पिंजऱ्यात सापडला नाही, ऊस तुटल्यावर आपोआप लांब गेला, आणि पुन्हा ऊस वाढला की येईल हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दिवाळीनंतर पिल्लांचा जो सुळसुळाट व्हायचा, तो या वर्षी झाला नाही. कापल्या कानाची मांजरं आपापल्या आळीत उन्हाला पडलेली असतात, आणि त्यांना दगड मारणाऱ्याला आता त्या आळीतलंच कुणीतरी हटकतं.

मध्यंतरी खोडदहून वृषाली नावाच्या एका मास्तरणीचा फोन आला. तिकडंही हाच ताप झाला होता, तर येऊन चार शब्द सांगाल का? गोजरबाईंनी आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. तरी त्यांनी लुगडं बदललं, कुंडलिकनं टेम्पोत क्रेट भरले, हर्षाली मोटरसायकलनं पुढं गेली. शेतांपलीकडं खोडदच्या वेधशाळेच्या अवाढव्य दुर्बिणींच्या थाळ्या आभाळाकडं तोंड करून उभ्या होत्या. कुंडलिक म्हणाला, की एवढ्या मोठ्या ताटलीत जेवायला घातलं तर तालुक्यातली सगळी मांजरं बसतील. बाईंनी त्याला नीट गाडी चालवायला सांगितलं, पण हसल्या.

शाळेच्या ओसरीवर सुरुवातीला दोन बायका आणि एक म्हातारा एवढेच आले होते. वृषाली खजील झाली. गोजरबाई म्हणाल्या, असू दे, चहा ठेवा. चहा झाला, गप्पा निघाल्या, शेजारची एक बाई डोकावली, तिनं दुसरीला हाक मारली. कुणीतरी घरून एक करड्या रंगाची, पोट सुटलेली मांजर काखेत मारून आणली आणि विचारलं, की हिची वेळ भरत आलीय, हिचं आता काय करायचं? हर्षालीनं पोट चाचपून पाहिलं आणि सांगितलं की ही पिल्लं होऊ द्या, त्यांनी दूध सोडलं की मग हिला आणा.

"आन पिल्लांचं?" त्या बाईनं विचारलं.

गोजरबाईंनी मांजर आपल्या मांडीवर घेतली. मांजर अंग चोरून बसली, मग हळूहळू सैल झाली. बाईंनी ओसरीवर जमलेल्या सगळ्यांकडं एकदा नजर फिरवली आणि विचारलं, की बोला, कोण कोण एकेक घेणार.  मग त्या म्हाताऱ्यानं चहाची बशी खाली ठेवली आणि हात वर केला.